ग्रहांच्या पंगतीत कोण?

घरी शांत किंवा पूजा असली म्हणजे तांदळावर नऊ सुपाऱ्या मांडून नवग्रहांची स्थापना होते. त्या नऊ सुपाऱ्यांचा हिशेब एखाद्या शाळकरी मुलाने मागितला, तर मोठ्या माणसांची पंचाईत होते. त्यांत सूर्य आहे, चंद्र आहे. राहू आणि केतू हे तर सूर्याचा व चंद्राचा मार्ग जेथे एकमेकांस छेदतात ते नुसते बिंदू. आणि ज्या पृथ्वीवर हा सारा थाट मांडलेला असतो, तिच्या नावाची सुपारी मात्र नाही!

पूर्वजांना हसण्याचे मात्र कारण नाही. धरतो, ग्रासतो तो ग्रह, हा आपल्या शब्दाचा अर्थ. ग्रीकांनी योजलेल्या शब्दाचा अर्थ भटक्या. दोन्ही अर्थांनी सूर्यचंद्र त्या पंगतीत शोभत होते. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढील शंभर-दीडशे वर्षांत पाने बदलली. सूर्य यजमान झाला, चंद्र पृथ्वीचा अनुचर ठरला, आणि पृथ्वी स्वतः पंगतीत येऊन बसली. ग्रह या शब्दाचा अर्थ बदलण्याची ती पहिली मोठी वेळ, अखेरची नव्हे.

१७८१ साली इंग्लंडात विल्यम हर्शेलने शनीपलीकडचा ग्रह शोधला. त्याला राजा जॉर्जचे नाव देण्याची त्याची इच्छा सफल झाली नाही, जगाने युरेनस हे नाव पत्करले. परंतु आपल्या मराठी पंचांगांनी त्याला ‘हर्षल’ म्हणून घरात घेतले. राजापेक्षा शोधकाचे नाव बरे, असा कौल आपल्या पंचांगकर्त्यांनी नकळत दिला म्हणायचा.

खरी गंमत पुढे आहे. १८०१ सालच्या जानेवारीच्या पहिल्याच रात्री सिसिली बेटावरील पालेर्मो येथे ज्युसेप्पे पियाझ्झी याला मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान एक नवे ज्योतिमंडलातील पाहुणे दिसले. काही आठवड्यांनी ते सूर्याच्या तेजात लोपले. तेव्हा चोवीस वर्षांच्या गाऊसने मोजक्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा गणिताने काढली, आणि वर्षअखेरीस ते गणिताप्रमाणे पुन्हा सापडले. पियाझ्झीने त्याला सीरीस हे नाव दिले. मंगळ व गुरू यांच्यामधील जागा रिकामी का, हा प्रश्न ज्योतिष्यांना पूर्वीपासून बोचत होता. त्यामुळे सीरीस ग्रह म्हणून सन्मानाने पंगतीत बसला.

पण १८०२ साली त्याच पट्ट्यात पॅलास सापडला, १८०४ साली जुनो, १८०७ साली व्हेस्टा. हर्शेलने १८०२ मध्येच म्हटले होते, की या ठिपक्यांना ग्रह म्हणू नये, ताऱ्यासारखे दिसणारे म्हणून वेगळे नाव द्यावे. आपल्या शोधाचा मान अबाधित राहावा म्हणून हा दुसऱ्यांच्या शोधांना कमीपणा आणतो, अशी टीका त्याच्यावर झाली. पुस्तकांतून हे चौघे ग्रह म्हणूनच छापले जात राहिले. १८४५ साली पाचवा मिळाला, १८४६ साली नेपच्यून सापडला, आणि ग्रहांची संख्या तेरा झाली. पुढे तर पाहुण्यांची रीघच लागली. १८५२ संपेपर्यंत त्या एका पट्ट्यात तेवीस गोल नोंदले गेले. तेव्हा ज्योतिष्यांनी कसलीही सभा न भरविता, मते न घेता त्यांची यादी वेगळी काढली, त्यांना अनुक्रमांक दिले आणि लघुग्रह म्हणून बाजूला बसविले. पन्नास वर्षे ग्रह म्हणविलेला सीरीस पंगतीतून उठला. तो आकाराने लहान, पण त्याला उठविले ते मुख्यतः त्याच्या गर्दीने.

आता प्लूटोकडे वळू. आणि येथे आपल्या माणसाची आठवण अवश्य केली पाहिजे. ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी’ यांचे कर्ते व्यंकटेश बापूजी केतकर विजापूर-बागलकोट भागात राहून ग्रहगणित करीत असत. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत आढळणारे प्रमाण त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे लावून पाहिले, आणि १९११ साली फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या नियतकालिकात दोन अज्ञात ग्रहांचे भाकीत केले. त्यांची नावे त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी ठेविली. ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारे ३९ पट, प्रदक्षिणेचा काळ सुमारे २४२ वर्षे. १९३० साली अमेरिकेत ॲरिझोनातील लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ याला प्लूटो सापडला. त्याचे मध्यम अंतर साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षे! त्याच वर्षी केतकर निवर्तले. हा मेळ अभिमानाने सांगितला जातो, आणि तो सांगावाही. पण प्लूटो इतका हलका निघाला की नेपच्यूनला हलविण्याची ताकद त्याच्यात नाही. मेळ योगायोगाचा होता. लोवेलचे भाकीतही तसेच योगायोगाने जुळले, हे मात्र आपण विसरू नये.

प्लूटो पृथ्वीएवढा असावा, असा आरंभीचा तर्क. १९७८ साली त्याचा उपग्रह शेरॉन सापडला आणि त्यावरून वजन कळले: पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याइतके. व्यास चंद्राहूनही कमी. १९९२ पासून त्याच्या परिसरात दुसरे गोल मिळू लागले, आणि २००५ साली एरिसची घोषणा झाली. त्याचे वजन प्लूटोहूनही अधिक भरले. सीरीसची कथा पुन्हा सुरू झाली होती. एरिसला दहावा म्हणावे, तर उद्या अकरावा, पंधरावा, पन्नासावा! आपल्याकडे दहाव्या ग्रहाचे स्थान जावयाकडे आहे, ते तरी सुरक्षित राहिले.

२००६ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथे आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघाची सभा भरली. पहिल्या मसुद्याप्रमाणे ग्रह बारा झाले असते. कडाक्याचा वाद होऊन २४ ऑगस्टला वेगळीच व्याख्या संमत झाली: ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या भाराने गोल झालेला असावा, आणि आपल्या कक्षेचा परिसर त्याने मोकळा केलेला असावा. तिसऱ्या अटीत प्लूटो अडला आणि बटुग्रह ठरला. सभेस सुमारे अडीच हजार मंडळी आली होती, मत देण्यास शेवटी चारशेच्या आसपास उरली. पुष्कळ शास्त्रज्ञांनी ‘परिसर मोकळा करणे’ म्हणजे नेमके काय, असा आक्षेप घेतला, आणि माझ्या मते तो अगदीच निराधार नाही.

लोकांचा राग निराळा होता. न्यूयॉर्कच्या एका तारांगणाने २००० सालीच प्लूटोला मोठ्या ग्रहांच्या रांगेत जागा दिली नव्हती, तेव्हा मुलांची रुसव्याची पत्रे तेथे येऊन पडली होती. २००७ साली न्यू मेक्सिको राज्याच्या विधिमंडळाने आपल्या आकाशात प्लूटो ग्रहच राहील असा ठराव केला. टॉम्बॉ त्या राज्यात राहत असे. २०२४ साली ॲरिझोनाने त्याला राज्याचा ग्रह म्हणून मान दिला. भाषातज्ज्ञांच्या एका अमेरिकन संस्थेने तर ‘प्लूटो करणे’, म्हणजे मान उतरविणे, हे क्रियापद २००६ चा शब्द म्हणून निवडले. विधिमंडळाच्या ठरावाने गोलाचे वजन वाढत नाही, हे ठराव करणाऱ्यांनाही ठाऊक असणारच. पण पंगतीतून कोणाला उठविले, तर त्याच्या घरच्यांना जे वाटते, ते त्यांना वाटले.

प्रागच्या त्याच व्याख्येने सीरीसला लघुग्रहांच्या पायरीवरून उचलून प्लूटोशेजारी बटुग्रहांत बसविले. त्याच्यासाठी कोणी आनंदोत्सव केला नाही. त्याला ग्रह म्हणून शाळेत पाठ केलेले शेवटचे मूल जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती.