वाचलेले शहर आणि पाहिलेले शहर: मराठी प्रवासवर्णनातील मिस्कीलपणाची घडण

१९५७ साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद अनंत काणेकर यांनी भूषविले. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होते. जालना हा त्या काळी औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. काणेकरांची ख्याती प्रामुख्याने लघुनिबंधकार म्हणून. परंतु परदेशातील शहरांकडे मिस्कील नजरेने पाहणारा मराठी प्रवासी त्यांच्याच लेखनातून स्थिरावला. हा मिस्कीलपणा केवळ लेखकाच्या विनोदी स्वभावातून आला, असे सामान्यतः मानले जाते. त्याची ऐतिहासिक घडण तपासली असता हे मत अपुरे ठरते.

एकोणिसाव्या शतकात परदेशगमन ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. समुद्रोल्लंघनाचा निषेध, प्रायश्चित्ताचा प्रश्न आणि राज्यकर्त्यांच्या देशाविषयीचे कुतूहल यांच्या ताणातून ते लेखन होत होते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या व पुढे अमेरिकेत राहिल्या. त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ १८८९ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकात ‘लोकस्थिती’ आधी येते व ‘प्रवासवृत्त’ नंतर, हा क्रम अर्थपूर्ण आहे. तेथील शासन, शिक्षण आणि स्त्रियांची स्थिती यांचा परिचय स्वदेशीयांना उपयोगी पडावा, हा तेथे मुख्य हेतू आहे. १९०६ साली लंडनला पोचलेल्या वि. दा. सावरकरांनी ‘विहारी’ व ‘काळ’ या पत्रांसाठी लिहिलेल्या बातमीपत्रांत उपहास विपुल आहे. पण तो राज्यकर्त्यांविरुद्ध उपसलेले शस्त्र आहे. रमाबाईंच्या लेखनात शहर हा अभ्यासविषय, तर सावरकरांच्या लेखनात ते प्रतिपक्षाचे ठाणे. पाहणाऱ्याने स्वतःलाच हसावे, एवढी मोकळीक या दोन्ही भूमिकांत नव्हती.

ती मोकळीक काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकात दिसू लागते. माहितीचे ओझे उतरते, लघुनिबंधातील ‘मी’ प्रवासाला निघतो आणि शहराइतकाच तोही वर्ण्यविषय होतो. तथापि शीर्षकातील प्रतीकयोजना दुर्लक्षिता येत नाही. लंडनच्या वाट्याला धुके आले आहे, मॉस्कोच्या वाट्याला तारा. साम्राज्याच्या राजधानीविषयी मनात अंतर पडले आहे. नव्या समाजरचनेविषयी ओढ शिल्लक आहे. म्हणजे मिस्कीलपणाला मोकळे रान सर्वत्र सारखे मिळत नाही.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (१९६०) ही वृत्ती परिपक्व झाली. दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी ते बी.बी.सी.त गेले, तेव्हा स्वातंत्र्याला एक तप होत आले होते. राज्यकर्त्याचे भय सरले होते, पण त्याच्या भाषेतून झालेले शिक्षण कायम होते. इंग्रजी क्रमिक पुस्तके, कादंबऱ्या व नाटके यांतून घडलेल्या मराठी मध्यमवर्गीयाने लंडन पाहण्यापूर्वीच वाचलेले होते. वाचलेले शहर आणि पाहिलेले शहर यांच्यातील तफावत हेच या विनोदाचे उगमस्थान आहे. प्रवासाच्या तयारीला पुस्तकात मोठी जागा मिळते तीही याच कारणाने. तयारी चालते ती मनातल्या विलायतेची. तेथे हसे होते ते लंडनचे नव्हे, तर स्वतःच्या कल्पनेचे.

हा लेखकाच्या स्वभावाचाच परिणाम, असा आक्षेप येथे संभवतो. त्याचे उत्तर ‘पूर्वरंग’ (१९६३) देते. लेखक तोच, मध्ये अंतर अवघ्या तीन वर्षांचे. तरीही सूर बदलतो. सिंगापूर, बाली, जपान हे प्रदेश त्या शिक्षणक्रमाने तितके ओळखीचे करून दिलेले नव्हते. बालीत रामायण-महाभारत नृत्यनाट्यांतून भेटते, तेव्हा तफावतीची जागा अनपेक्षित आप्तभाव घेतो. विनोद उरतो, मात्र त्यातील स्वतःच्या कल्पनेला चिमटा काढण्याची धार सौम्य होते आणि कौतुक वरचढ ठरते. स्वभाव एकच असून सूर भिन्न, याचा अर्थ सूर ठरविणारा घटक स्वभावाबाहेरही आहे.

येथेच या परंपरेची मर्यादाही स्पष्ट होते. मिस्कील प्रवासी वाचकाला ‘आपण’ म्हणून सोबत घेतो. पण हा ‘आपण’ समान वाचन गृहीत धरतो. एकोणिसाव्या शतकात जालन्यास इंग्रजी छावणी होती. गोरा शिपाई तेथील लोकांच्या नित्य पाहण्यातला होता. परंतु निजामी राज्यात, विशेषतः १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर, उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू राहिले. इंग्रजी शिकविली जाई, तरी मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून जे लंडन मनात रुजले, ते त्याच वाटेने मराठवाड्यात आले नाही. १९४८ पर्यंत येथील मराठी वाचकाला मुंबई हेच पुष्कळदा वाचलेले शहर होते. ‘अपूर्वाई’ त्याने आवडीने वाचली असेल. मात्र त्या हसण्यात एक पायरी अधिक होती. लंडनच्या कल्पनेला हसण्याआधी ती कल्पना बाळगणाऱ्या मुंबईकराची ओळख त्याला करून घ्यावी लागत होती.

म्हणून १९५७ च्या औरंगाबादच्या व्यासपीठावर काणेकर असणे हा केवळ सन्मानाचा प्रसंग राहत नाही. एका वर्गाच्या वाचनातून घडलेला ‘आपण’ मराठीभाषकांच्या व्यापक समूहासमोर तेथे उभा होता. प्रवासवर्णनाची समीक्षा शैली, निवेदन आणि व्यक्तिमत्त्व यांची चर्चा पुष्कळ करते. प्रवासी निघण्यापूर्वी काय वाचून निघाला आणि त्याचे वाचन कोणाच्या वाट्याला आले नव्हते, हा प्रश्न तिने त्याच गांभीर्याने विचारावयास हवा. तसे केल्यास मिस्कीलपणा हा वाङ्मयीन गुण म्हणून उणावत नाही. त्याचा इतिहास मात्र हाती लागतो.