गोल्फच्या काठ्या : नावांकडून क्रमांकांकडे

कोणत्याही व्यवसायाची वा खेळाची साधने बदलली म्हणजे त्यांची नावेही बदलतात, हे उघड आहे. परंतु साधने जवळजवळ तीच राहून नावांची संपूर्ण पद्धतीच पालटावी, असे क्वचित घडते. गोल्फच्या खेळात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे स्थित्यंतर घडले. स्कॉटलंडात रुळलेली शब्दांची एक श्रेणी दहा-पंधरा वर्षांत मागे पडली आणि तिच्या जागी आकडे आले. या स्थित्यंतराची कारणे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ मध्ये या खेळावर बंदी घातली. त्यापायी धनुर्विद्येकडे दुर्लक्ष होते, अशी तक्रार होती. पुढे १५०२ मध्ये राजा चौथ्या जेम्सने गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या, त्या पर्थ येथील एका धनुष्य करणाऱ्याकडून. लवचीक लाकूड जाणणारा कारागीर तोच असल्याने यात आश्चर्य नाही. शब्दांच्या दृष्टीने अधिक मोलाचा पुरावा १६३६ मधला आहे. ॲबरडीनचे शिक्षक डेव्हिड वेडरबर्न यांनी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या लॅटिन शब्दसंग्रहात गोल्फच्या वस्तूंना लॅटिन प्रतिशब्द दिले आहेत. चेंडू ज्या उंचवट्यावर ठेवून पहिला टोला मारतात त्या ‘टी’चा शब्दही त्यांत आहे. हा उंचवटा त्या काळी वाळूचा वा मातीचा असे. लाकडी खुंटीची ‘टी’ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रूढ झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात असलेल्या काठ्यांच्या नावांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कार्यावरून पडलेल्या नावांचा. ‘ड्रायव्हर’ ही लांब दांड्याची लाकडी काठी पहिला दूरचा टोला हाणण्यासाठी. ‘पटर’ ही हिरवळीवर चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालण्यासाठी, आणि स्कॉट भाषेतील मूळ क्रियापदाचा अर्थही ‘ढकलणे’ असाच आहे. दुसरा वर्ग आकारावरून पडलेल्या नावांचा. ‘स्पून’चे तोंड चमच्यासारखे किंचित खोलगट असून गवतात बसलेला चेंडू ती उचलून देई, ‘क्लीक’ म्हणजे स्कॉट भाषेत आकडा, आणि ही अरुंद तोंडाची लोखंडी काठी चेंडू सखल व लांब पाठविण्यास वापरीत. तिसरा वर्ग द्रव्यावरून पडलेल्या नावांचा : ‘ब्रासी’च्या तळाला पितळेची पट्टी असे, त्यामुळे कठीण जमिनीवरही लाकूड फुटत नसे. ‘मॅशी’ मध्यम अंतराच्या टोल्यासाठी. ‘निब्लिक’ जड व अतिशय कललेल्या तोंडाची, चाकोरीत वा खाचेत अडकलेला चेंडू बाहेर काढण्यासाठी. या दोन शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही.

लोखंडी काठ्यांचा प्रसार होण्यास चेंडूही कारण झाला. पिसे ठासून शिवलेला कातडी चेंडू लोखंडाच्या घावाने फाटे, आणि तो महागही असे. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चाचा स्वस्त व टणक चेंडू आला, तेव्हा लोखंड निर्धास्तपणे वापरता येऊ लागले. काठ्यांचे प्रकार वाढले आणि त्याबरोबर नावेही वाढली.

हिकरीच्या लाकडाचा प्रत्येक दांडा स्वतंत्र स्वभावाचा असे. एका कारागिराची मॅशी दुसऱ्याच्या मॅशीसारखी असेलच, असा भरवसा नव्हता. नाव म्हणजे एका व्यक्तिविशिष्ट वस्तूची ओळख होती. पोलादी दांड्याला अमेरिकेतील नियामक संस्थेने १९२४ मध्ये आणि सेंट अँड्रूज येथील संस्थेने १९२९ मध्ये मान्यता दिली. एकसारखे दांडे कारखान्यात निघू लागताच, लांबी आणि तोंडाचा कल ठराविक टप्प्यांनी बदलत जाणारे जुळे संच विकणे शक्य झाले. अशा संचात वस्तूची ओळख तिच्या गुणांवरून होत नाही, शेजारच्या वस्तूशी असलेल्या अंतरावरून होते. आकडा नेमके हेच सांगतो. मॅशीचा पाचवा क्रमांक झाला, मॅशी-निब्लिकचा सातवा, निब्लिकचा नववा. क्रमांक वाढला की दांडा आखूड होतो, कल वाढतो, चेंडू अधिक उंच जातो आणि कमी अंतरावर पडतो. आपल्याकडील कारखान्यांतही ‘दहा-अकराचा पाना’ म्हणतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

तथापि सर्व नावे लोपली नाहीत, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. ड्रायव्हर व पटर ही नावे आजही चालू आहेत. शिवाय आकड्यांचे राज्य सुरू झाल्यानंतरच ‘वेज’ हे नवे नाव रूढ झाले. जीन साराझेन यांनी वाळूतून चेंडू काढण्यासाठी रुंद तळाची काठी घडविली आणि १९३२ ची ब्रिटिश खुली स्पर्धा तिच्या साहाय्याने जिंकली. यावरून असे अनुमान निघते की जेथे साधनांत केवळ कमी-अधिकपणाचा भेद असतो तेथे आकडा नावाला हटवितो. जेथे कार्यच निराळे असते तेथे नाव टिकते. निब्लिक हा अपवाद वाटेल. परंतु अडचणीतून चेंडू सोडविण्याचे तिचे खास काम वेजकडे गेल्यावर ती श्रेणीतील एक पायरी उरली होती.

द्रव्यवाचक शब्दांची गती याहून वेगळी आहे. १९७९ पासून धातूचे डोके असलेले ड्रायव्हर बाजारात आले आणि पुढे लाकूड जवळजवळ नाहीसे झाले. तरी त्या वर्गातील काठ्यांना ‘वुड’च म्हणतात. शब्दाने द्रव्य सोडले, पण श्रेणीतील आपले स्थान सोडले नाही.

भारतात हा खेळ लवकर पोहोचला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, म्हणजे पिसांच्या चेंडूच्या काळातला. मराठीने मात्र या साधनांची नावे जशीच्या तशी स्वीकारली आहेत. त्यांना प्रतिशब्द योजावयाचे झाल्यास प्रथम हे ठरवावे लागेल की आपण वस्तूला नाव देत आहोत की श्रेणीतील जागेला. परिभाषा घडविणाऱ्यांनी हा भेद गोल्फपुरताच नव्हे, तर सर्वत्र ध्यानी ठेवणे इष्ट होय.