काओशुंग (नाव व ओळख)

काओशुंग : तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरचे औद्योगिक बंदर. लोकसंख्या सुमारे २७ लाख. पोलाद, जहाजबांधणी आणि तेलरसायने हे येथील मोठे उद्योग. शहराचे नाव ‘उंच’ आणि ‘वीर’ या अर्थांच्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात, त्यामुळे ‘थोर वीर’ असा अर्थ सर्रास सांगितला जातो. मुळात या नावाचा कोणत्याही वीराशी संबंध नाही.

मूळ नाव ताकाउ. येथील मकाताओ आदिवासींच्या भाषेत त्याचा अर्थ ‘बांबूचे बन’ असा होता, हे मत सर्वाधिक रूढ आहे. पुढे चीनच्या फुजियान प्रांतातून होक्कियन बोलणारे लोक येथे स्थायिक झाले. त्यांनी या उच्चाराशी जुळणारी दोन अक्षरे उचलली. त्यांचा अर्थ मात्र निघाला ‘कुत्र्याला मारणे’. १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले. जपानी प्रशासनाला हे लेखन असभ्य वाटले आणि १९२० मध्ये त्याने नवी अक्षरे ठरवली. जपानीत ती ‘ताकाओ’ अशी वाचली जातात. क्योतोजवळ याच नावाचे ठिकाण आहे. १९४५ मध्ये जपानी सत्ता गेली. अक्षरे तीच राहिली, पण ती मँडरिन पद्धतीने वाचली जाऊ लागली आणि ‘काओशुंग’ हे नाव रूढ झाले. १९२० मध्ये उच्चार जवळपास टिकला, लेखन बदलले. १९४५ नंतर लेखन टिकले, उच्चार गेला. या दोन फेऱ्यांत मकाताओंचा बांबू नावातून पुरता पुसला गेला, आणि ही हानी खरोखर मोठी आहे.

आजची ओळख घडली ती बंदराच्या कामातून. १९६६ मध्ये येथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. भारतातील कांडल्याचे असे क्षेत्र त्याच्या एक वर्ष आधीचे. जुनी जहाजे तोडण्यातही हे बंदर एके काळी जगात अग्रेसर होते. १० डिसेंबर १९७९ रोजी, मानवाधिकार दिनी, लष्करी कायद्याच्या काळात येथे निघालेला मोर्चा दडपण्यात आला. ‘काओशुंग घटना’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रसंग तैवानच्या लोकशाही चळवळीत निर्णायक ठरला. त्यानंतर मोर्चाच्या नेत्यांवर चाललेल्या खटल्यातील बचाव पक्षाचे एक वकील चेन श्वे-बियान २००० मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, तर आरोपींपैकी अ‍ॅनेट लू उपराष्ट्राध्यक्ष झाल्या.

बंदराच्या तोंडाशी टेकडीवर असलेली लाल विटांची जुनी ब्रिटिश वकिलात अजूनही ‘ताकाउ’च्याच नावाने ओळखली जाते. जुन्या नकाशांत वा प्रवासवर्णनांत ताकाउ किंवा ताकाओ बंदर आढळल्यास वाचकांनी ते काओशुंगच समजावे.