जुनी वीट उचलण्यापूर्वी



आपल्या मावळात घराचा पाया खणताना, बागेत झाडाला आळे करताना कधी कधी जुन्या विटा लागतात. मग आपण काय करतो? माती झटकतो, विटा धुतो आणि अंगणात फरशीसारख्या बसवतो. त्यात वावगे काही नाही. पण याच सवयीपायी आपला केवढा ठेवा गेला, हे विहाराच्या वर्धापनदिनी आठवावे असे आम्हांला वाटते.

सारनाथचेच पाहा. तथागतांनी जिथे पहिले धम्मप्रवचन दिले, तिथे धर्मराजिका स्तूप होता. १७९४ साली काशीच्या बाबू जगतसिंग यांना पेठ बांधायला विटा हव्या होत्या. त्यांच्या माणसांनी स्तूप खणला. त्याच विटांनी जगतगंज उभे राहिले. खणताना एक दगडी पेटी लागली. तिच्यात हिरव्या संगमरवराचा करंडक, मोती आणि अस्थी होत्या. लोकांनी आपल्या समजुतीप्रमाणे त्या अस्थी गंगेत सोडल्या! त्यांच्या मनात अनादर नव्हता. ते काय आहे हेच ठाऊक नव्हते. काशीचे इंग्रज अधिकारी जोनाथन डंकन यांनी ही हकिगत लिहून ठेवली म्हणून आपल्याला कळली. हेच डंकन पुढे १७९५ साली मुंबईचे गव्हर्नर झाले.

आता आपल्या महाराष्ट्रातले सोपारा घ्या. तिथल्या टेकाडाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो जपून उकलला. आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, बुद्धमूर्ती आणि तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते. इथेही वीटच होती. पण हलवण्याआधी कुणीतरी विचार केला, एवढाच फरक.

आपल्या मावळातली लेणी दगडात कोरलेली, म्हणून वाचली. कार्ल्याच्या चैत्यावर दान देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठींचे आहे, तसे धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही आहे. दगड बोलतो, वीट बिचारी मुकी. पण दगडालाही आपण सोडलेले नाही. बेडशाच्या चैत्यात खांबांवर चित्रे होती. एकोणिसाव्या शतकात कुणा अधिकाऱ्याने स्वच्छतेच्या हौसेने चुना फासायला लावला आणि चित्रे जवळजवळ पुसली गेली.

म्हणजे सापडलेली प्रत्येक वीट स्तूपाचीच, असेही नव्हे. उगाच हुरळून जाऊ नये. पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ साली झाला, घाटातला १८६३ साली. इंग्रजी अमदानीत लोणावळा-खंडाळ्याला बंगले झाले. विटेला मधोमध खाच असेल आणि तिच्यात कारखान्याची अक्षरे असतील, तर ती त्या काळची किंवा नंतरची. ती अंगणात खुशाल लावा. पोरांना दाखवायला एक वेगळी ठेवा. सातवाहनकाळची वीट आजच्या नऊ इंची विटेपेक्षा बरीच मोठी, पुष्कळदा फुटाहून लांब आणि चपटी असते. अशा विटांचा थर लागला, सोबत खापरे, नाणी, कोरीव दगड दिसले, तर कुदळ तिथेच थांबवावी. वीट हलवू नये, फोटो काढावा आणि वडगावच्या तहसील कचेरीत कळवावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे जाणकार आहेत, त्यांना विचारावे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ पासून कायदाच आहे.

ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मातीतून निघालेल्या विटेलाही आपण तोच न्याय लावू. पारखून घेतली आणि साधी निघाली, तर अंगण आपलेच आहे. स्तूपाची निघाली, तर ती आपल्या एकट्याच्या अंगणाची नाही.

जय भीम!