पाय कोणत्या जमिनीसाठी? कृत्रिम अवयव आणि मैदानाचा इतिहास

१/ तुळजापूरला आईभवानीच्या दर्शनास जाणारा भाविक पादत्राणे बाहेर ठेवतो आणि दगडी पायऱ्या उतरून मंदिरात प्रवेश करतो. एक पाय गमावलेल्या माणसासाठी हा साधा प्रसंग दीर्घकाळ अवघड होता. त्याला मिळणारा कृत्रिम पाय अनवाणी चालण्यासाठी घडवलेलाच नव्हता.

२/ कृत्रिम अवयवांचा इतिहास बहुधा लाकूड, रबर आणि कार्बन फायबर यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. पण प्रत्येक बदलामागे एक प्रश्न उभा असतो : हा अवयव लावून माणसाने करायचे काय? गेल्या शतकभरात या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली, आणि त्यांतली बरीचशी महाराष्ट्रात घडली.

३/ पहिले उत्तर होते रोजगार. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतणाऱ्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत ‘क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल’ सुरू झाले. पुढे ते पुण्याजवळ खडकीला स्थिरावले. बंदूक सुटलेल्या हातांना तेथे चरितार्थाचे शिक्षण मिळू लागले.

४/ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. १९७१च्या युद्धात सिल्हेटच्या मोहिमेत मुंबईचे इयान कार्डोझो यांचा पाय भूसुरुंगावर पडला. चिंधड्या झालेला पाय त्यांनी स्वतःच्या खुकरीने तोडला.

५/ कार्डोझो यांना कचेरीतील बैठे काम नको होते. कृत्रिम पायावर त्यांनी शारीरिक क्षमतेच्या कसोट्या दिल्या आणि पायदळाच्या बटालियनचे नेतृत्व करणारे ते पहिले युद्धजायबंदी भारतीय अधिकारी ठरले. ‘पोट भरता येईल का?’ या जुन्या प्रश्नाच्या पुढे ‘पूर्वीचेच काम पूर्ण क्षमतेने करता येईल का?’ हा प्रश्न येऊन उभा राहिला.

६/ दरम्यान खेळ उपचारांत शिरला होता. डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांच्या स्पर्धा भरवल्या. पॅरालिम्पिकचे मूळ तेथे आहे.

७/ सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचारांतून ते पोहण्याकडे वळले आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळण्यास मात्र २०१८ उजाडावे लागले.

८/ ज्या अडचणीने प्रारंभ झाला, तिचे उत्तर राजस्थानातून आले. पाश्चात्त्य बनावटीचा ‘सॅच’ पाऊल बुटात घालण्यासाठी होता. त्याचा घोटा ताठ असल्याने उकिडवे बसणे शक्य नव्हते. १९६८च्या सुमारास जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, घोट्यात वळणारा ‘जयपूर फूट’ घडवला.

९/ हा पाय अनवाणी चालतो, मांडी घालू देतो, चिखलात उतरतो. धाराशिवच्या काळ्या जमिनीत खुरपणीला बसणाऱ्या शेतकऱ्याला नेमके हेच हवे होते. येथे प्रथमच कृत्रिम पायाला रुग्णाच्या जमिनीनुसार आकार मिळाला.

१०/ पण शेताची गरज वेगळी आणि शर्यतीची वेगळी. तरुणपणी पाय गमावलेले अमेरिकेचे व्हॅन फिलिप्स यांनी कार्बन फायबरचा ‘फ्लेक्स-फूट’ विकसित केला. शरीराचा भार पडताच तो वाकतो आणि साठवलेली ऊर्जा पुढच्या पावलाला परत देतो. धावण्याच्या पात्याला टाचच नसते. त्यामुळे ते लावून स्थिर उभे राहणेही कठीण जाते. एकच पाय सर्व कामांना पुरत नाही.

११/ मुंबईत वाढलेल्या मानसी जोशी यांनी २०११च्या अपघातात डावा पाय गमावला. पायाचा उरलेला भाग ज्या खोबणीत बसतो, ती सॉकेट त्यांनी पाच वर्षे वापरली. सरावात तीच त्यांचा वेग अडवू लागली. ती बदलली, सरावाची शिस्त वाढवली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये बासेल येथे त्या पॅरा-बॅडमिंटनच्या विश्वविजेत्या झाल्या.

१२/ याच्या नेमके उलट उदाहरण धाराशिवच्या परंडा तालुक्याला लागून असलेल्या करमाळ्याचे. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेल्या सुयश जाधव यांनी २०१८च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये सुवर्णपदक जिंकले. पॅरा-जलतरणात कृत्रिम अवयव लावून उतरताच येत नाही. तेथे स्पर्धा समतोल राखते ती खेळाडूंची शारीरिक क्षमतेनुसार केलेली वर्गवारी.

१३/ म्हणजे खेळाला नेहमी महागडे साधनच लागते असे नाही. तलाव, प्रशिक्षक आणि योग्य वर्गवारीही लागते. जेथे साधन लागते, तेथे ते त्या खेळाचेच असावे लागते. शिबिरांत मिळणारा पाय बहुधा चालण्याचा असतो. वाढत्या वयाच्या मुलाला तोही वारंवार बदलून घ्यावा लागतो.

१४/ भूम किंवा उमरग्याच्या एखाद्या मुलीच्या पायाचे माप घेतले जाते, तेव्हा ती घरी, शेतात, शाळेत चालू शकेल का, एवढे आवर्जून पाहिले जाते. तिला कोणता खेळ आवडतो, हेही त्याच वेळी विचारले गेले पाहिजे. शंभर वर्षांत कृत्रिम पाय बदलत गेला तो नवा प्रश्न विचारला गेला तेव्हाच.