चुनेगच्चीची भेग

जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात, छत आणि भिंत जेथे मिळतात त्या सांध्यावरून चुन्याच्या कंगोऱ्यांची जी नक्षीदार पट्टी फिरवलेली असते, तिच्यावर एखाद्या पावसाळ्यात केसाएवढी भेग उमटते. ती बुजवून वर रंगाचा हात फिरवावा, तर पुढच्या वर्षी नेमक्या त्याच ठिकाणी ती पुन्हा डोके वर काढते. घरमालक गवंड्याला बोल लावतो. परंतु दोष बहुधा त्या पट्टीच्या पाठीमागे असतो.

पेशवाईतील वाडा, मग तो मेणवलीचा नाना फडणविसांचा असो की पुण्यातील विश्रामबागवाडा, सागवानी खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या आधारे उभा आहे, आणि लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेजारची वीट मात्र जागची हलत नाही; म्हणून या दोघांच्या सांध्यावर जो गिलावा बसवायचा, त्याच्या अंगी सोशिकपणा असणे क्रमप्राप्तच होते. तो सोशिकपणा चुना मळण्याच्या घाणीतून येई. लोणाऱ्यांनी भट्टीत भाजलेला चुना विझवून, दगडी चाकोरीत वाळूसह टाकून, बैलाने ओढलेल्या जड चाकाखाली तो लोण्यासारखा होईपर्यंत मळीत. कामाच्या मगदुराप्रमाणे त्यात विटांची सुरखी, गुळाचे पाणी, बेलफळाचा गर आणि बारीक कातरलेला ताग पडे. इमारतीचा मक्ता घेणाऱ्याला चुन्याची बेगमी फार आधी करावी लागे, कारण चुना जितका मुरेल तितका चिवट होतो.

शिवाय या चुन्याला एक विलक्षण गुण आहे. तो हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून वर्षानुवर्षे घट्ट होत राहतो, आणि बारीक भेगेत पाणी झिरपले की त्यात विरघळलेला चुना तेथेच साकळून भेग आपोआप सांधली जाते.

1824 साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि 1914 साली पोरबंदरास सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर काही दशकांतच गावोगावच्या घाणी थांबल्या. सिमेंट लवकर घट्ट होते, पण वाकत नाही. ते ओल कोंडून ठेवते, आणि जुन्या चुन्यावर चढवले की भोवतालच्या मऊ गिलाव्यालाच तोडते. ही सुधारणा जुन्या वाड्यांना फार महाग पडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या घरची पट्टी तीनदा सिमेंटने बुजवून झाली होती. चौथ्या खेपेस आलेल्या वृद्ध गवंड्याने प्रथम बोटाच्या पेराने पट्टीवर ठोकत ठोकत पोकळ आवाज कोठून कोठवर येतो ते कोळशाने आखले, सारे सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढले, भेग आतून रुंद व तोंडाशी अरुंद अशी कोरली, आणि रात्रभर तिच्यावर ओले गोणपाट लावून ठेवले. मग ताग घातलेला चुना त्याने पातळ थरांनी भरला. पहिला थर आवळल्याखेरीज दुसऱ्याला हात लावला नाही. शेवटी पत्र्याचा फर्मा फिरवून कंगोरे जुन्याशी मिळवले, आणि गिलावा ओला असतानाच तुळईच्या कडेने, कंगोऱ्याच्या सावलीत झाकली जाईल अशी, करणीच्या टोकाने एक सरळ बारीक रेघ कापली. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तुळई हलणारच, मालक. तिला हलायला एवढी जागा ठेवली.”