सिंदूरगिरीचा गेरू

नागपूरच्या ईशान्येस असलेल्या रामटेकच्या टेकडीचे जुने नाव सिंदूरगिरी असून, यादवकाळातील तेथील शिलालेखातही त्याचा उल्लेख येतो. तिच्या दगडातील लालसर झाक या नावाशी जोडली जाते. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे रामटेकच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि त्या काव्यातील विरही यक्ष प्रियेचे चित्र शिळेवर रेखाटतो ते ‘धातुरागां’नी, म्हणजे खनिज रंगांनीच.

अशा रंगांत अग्रस्थानी असलेला गेरू म्हणजे चिकणमाती मिसळलेले हेमाटाइट, अर्थात लोहाचे ऑक्साइड होय. पिवळ्या मातीतील लोहाच्या ऑक्साइडमध्ये पाणी बांधलेले असते. ती भाजली की पाणी निघून जाते आणि रंग तांबडा होतो. हे ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही व उन्हाने विटत नाही, म्हणूनच वाकाटककालीन अजिंठ्याच्या भिंतींवरील तांबडा रंग आजही टिकून आहे. सारवलेल्या भिंतीवर ओला गेरू फिरवणारा हात याच प्राचीन परंपरेचा वारसा जपतो, आणि तो जपला जाणे मोलाचे आहे.